सांदवाडीतली जाळी

आमच्या घराच्या मागे, म्हणजे वऱ्हाडात ज्याला सांदवाडी म्हणतात तिथे, बांबूंवर टांगलेली एक लांबलचक जाळी आहे. नवा पाहुणा विचारतो, "कोंबड्या पाळल्या काय?" मग माझी मुलगी आत जाऊन चार चेंडू मारून दाखवते. ही जाळी कशी उभी राहिली ते सांगतो. त्यात माझी चूक आहे, तीही सांगतो.

मुलगी आठवीत असताना शाळेत बेसबॉल खेळू लागली. हा क्रिकेटचा लांबचा भाऊ. बॅट चपटी नसते, मुसळासारखी गोल असते आणि चेंडू टप्पा न पडता थेट येतो. चेंडू कातड्याचा, वजन १४२ ते १४९ ग्रॅम. क्रिकेटच्या चेंडूपेक्षा जरा हलका; पण बॅटवर नीट बसला की गोफणीतला दगड सुटावा तसा जातो.

खेळाच्या सरांनी तिला एक जुनी बॅट आणि दोन चेंडू घरी दिले. रोज संध्याकाळी धाकटा भाऊ चेंडू टाकायचा आणि ती मारायची. कोठ्यात बैलांना वैरण टाकता टाकता मी पाहायचो आणि मनातून खूष व्हायचो. सुटलेला चेंडू अडवायला इथे काहीच नाही, हे एकदाही मनात आले नाही.

मार्चचे दिवस होते. तुरी घरात आल्या होत्या. आई कोठ्याच्या सावलीत सूप घेऊन तुरी पाखडत बसली होती. चेंडू कोठ्याच्या टिनावर आदळला, उलटला आणि आईच्या भुवईवर बसला. सूप हातातून सुटले. पदर रक्ताने भिजला. तालुक्याला नेले, तीन टाके पडले. डॉक्टर म्हणाले, "बोटभर खाली लागला असता तर डोळा गेला असता."

घरी आलो तो रागानेच. मुलीच्या हातातून बॅट घेतली आणि कोठ्याच्या आढ्याला खोचून टाकली. "पुन्हा या घरात हा खेळ नाही," असे सुनावले. ती एक शब्द बोलली नाही. रडली असती, भांडली असती तर बरे वाटले असते. पण ती मुकाट्याने आजीच्या उशाशी बसली. पुढचे पंधरा दिवस शाळा, घर, भांडी, अभ्यास. कोठ्याकडे तिने पाहिलेसुद्धा नाही. शेजारी म्हणाले, "बरं केलं भाऊ, पोरीच्या जातीले काय करायचं ते!" मी मान हलवली. मात्र जेवताना घास उतरत नव्हता.

टाके निघाले त्या दिवशी आईनेच विषय काढला.

"काहून रे, त्या पोरीची काठी कोठी ठेवली तू?"

"आई, तुझा डोळा जात होता!"

"गेला त नाई ना. ढोर वावरात शिरलं त माणूस ढोर इकते काय? धुऱ्यावर काटे लावते ना? तू काटे लावले नाई, अन् पोरीले कोंडलं."

मला उत्तर सुचले नाही. चेंडू मुलीने मारला होता, पण जागा मी दिली होती. घराच्या भोवती काय आहे, कोण कुठे बसते, हे पाहणे माझे काम होते.

दुसऱ्या दिवशी सरांकडे गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एका अमेरिकन शेतकऱ्याची गोष्ट सांगितली. आयोवा राज्यात व्हॅन मीटर नावाच्या गावाजवळ फेलर नावाचे कुटुंब शेती करी. मुलगा बॉब चेंडू फार जोरात फेकायचा. बापाने मका सोडून गहू धरला, कारण गव्हाला मेहनत कमी आणि मुलाबरोबर खेळायला वेळ जास्त. पुढे शेतातच जागा साफ करून मैदान केले. हिवाळ्यात बापलेक कोठारात सराव करीत. १९३६ साली, सतराव्या वर्षी, हा शेतकऱ्याचा पोर क्लीव्हलंडच्या मोठ्या संघातून खेळू लागला.

"आणि पुढचे ऐका," सर म्हणाले. "१९३९ च्या मे महिन्यात, त्यांच्याकडे मातृदिन असतो त्या दिवशी, शिकागोला बॉबचा सामना पाहायला त्याची आई आली होती. त्याच्याच चेंडूवर फलंदाजाचा एक फटका तिरका उडाला आणि प्रेक्षकांत बसलेल्या आईच्या तोंडावर लागला. चष्मा फुटला, टाके पडले. आई वाचली. बॉब तो सामना जिंकला आणि पुढेही पुष्कळ वर्षे खेळला."

मी गप्प झालो. सातासमुद्रापलीकडे एका शेतकऱ्याच्या घरी हेच घडले होते! मग सरांनी कागद काढला आणि जाळीचे माप लिहून दिले.

पूर्ण मापाचा पिंजरा साधारण ७० फूट लांब, १४ फूट रुंद आणि १२ फूट उंच असतो. आमच्या सांदवाडीत तेवढी जागा कुठली! आम्ही ४० फूट लांब, १२ फूट रुंद आणि १० फूट उंच धरला. लांबी दक्षिणोत्तर ठेवली, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे ऊन मारणाऱ्याच्या किंवा टाकणाऱ्याच्या डोळ्यांत जात नाही. विजेच्या तारांपासून जागा लांब घेतली.

संत्र्याच्या झाडांना टेकू देण्याचे बांबू घरचेच होते. त्यांतले दहा जाडजूड निवडले. आमची माती काळी. पावसात फुगते, उन्हात भेगाळते, खांब सरळ राहू देत नाही. म्हणून दोन-दोन फूट खड्डे घेऊन दगड आणि मुरूम ठासून भरला आणि बाहेरून ताण दिले. आतही मुरूम पसरला, म्हणजे चिखल होत नाही.

जाळीत मात्र आधी फसलो. पैसे वाचवावे म्हणून धरणावरून मासे धरायची जुनी जाळी आणली. तिसऱ्याच दिवशी चेंडू ती फाडून पार गेला. जाळी जाड पिळाच्या नायलॉन दोरीचीच हवी आणि भोक साडेचार सेंटीमीटरपेक्षा मोठे नको. शेवटी अमरावतीहून तशी आणली.

टांगण्याची खुबी सरांनी शिकवली. जाळी बांबूला चिकटवायची नाही. तारेवर कड्यांनी, बांबूपासून फूटभर आत, सैल सोडायची. ताणलेली जाळी चेंडू परत फेकते, सैल जाळी तो पोटात घेते. खालची कड फूटभर जमिनीवर लोळू द्यायची आणि तिच्यावर दगड न ठेवता मातीने भरलेली खताची रिकामी पोती ठेवायची, कारण दगडावरून चेंडू उलटतो.

एकटीने सराव करता यावा म्हणून फुटक्या घमेल्यात सिमेंट ओतून पाण्याच्या पाइपाचा तुकडा उभा केला आणि वरच्या टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवला. त्यावर चेंडू ठेवायचा आणि मारायचा. चेंडू टाकणाऱ्या भावासाठी जुन्या लोखंडी पलंगाची चौकट उभी करून तिला जाळी बांधली. एका बाजूचा वरचा कोपरा मोकळा ठेवला. तिथून चेंडू टाकायचा आणि लगेच आडोशाला व्हायचे.

नियम आईने केले. एका वेळी आत एकानेच बॅट धरायची. डोक्यावर हेल्मेट असल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही. जाळीला बाहेरून कोणी टेकायचे नाही. जाळीबाहेर बॅट फिरवायची नाही.

एक नियम श्रावणात वाढला. सकाळी पाहतो तर जाळीच्या लोळत्या कडेत एक धामण अडकलेली. उंदीर खाणारा, शेतकऱ्याचा मित्रच तो. मुलीने तिच्यावर ओले पोते टाकले, मी काठीने मान धरली, तिने ब्लेडने एकेक धागा कापला. साप मोकळा झाला आणि धुऱ्याकडे निघून गेला. तेव्हापासून रोज संध्याकाळी जाळीची खालची कड वर गुंडाळून बांधतो. उन्हाळी वादळाचा रंग दिसला तर सगळी जाळीच तारेवर एका टोकाला सरकवतो.

भाद्रपदात खरी परीक्षा आली. आंबिया बहाराची फळे भरली, फांद्या वाकल्या, टेकू कमी पडू लागले. आणि शाळेच्या स्पर्धा तोंडावर आलेल्या. मी काही बोलण्याआधीच मुलगी ताण सोडू लागली. "बाबा, बांबू घेऊन जा. झाडं मोडतील."

मी तिला थांबवले. मका सोडून गहू धरणारा तो बाप मला आठवला. मी त्याच्याएवढा मोठा नाही. पण दोन दिवस खपून बाभळीची दुबेळकी तोडून आणली आणि झाडांना लावली. फांदी एकही मोडली नाही.

मुलगी त्या वर्षी विभागापर्यंत गेली आणि शेवटच्या सामन्यात तीनही चेंडू हुकून बाद झाली. रात्री उशिरा घरी आली. सकाळी जेवणाआधी हेल्मेट घालून सांदवाडीत हजर!

आई आजही तिथेच बसते, पण जाळीच्या पलीकडे, चार हात सोडून. भुवईवर व्रण आहे. नजर आता अधू झाली आहे, पण कान तिखट. सुपातून मान वर न काढता नुसत्या आवाजावरून सांगते, "हा नाई बसला. ... हा बसला पाय!"

वाचकहो, तुमच्या घरी बेसबॉल नसेल, क्रिकेट असेल, गोफण असेल. लेकराच्या हातात जे द्याल, त्याच्या आधी काटे लावा. मी उशिरा लावले. आईचा डोळा बोटभर अंतराने वाचला, म्हणून हे हसत सांगता येते.