इश्यू

सकाळी साडेदहाला आमचं स्टँडअप असतं. स्क्रीनवर जिराचा बोर्ड उघडायचा आणि आपापले इश्यू वाचून दाखवायचे. बग असो, नवं फीचर असो किंवा 'बटण जरा उजवीकडे सरकवा' एवढंसं काम असो, आमच्या लेखी सगळे इश्यूच. पाच वर्षांत मी असे किती बंद केले असतील याचा हिशेब नाही. त्यामुळे हा शब्द मला कधी शब्द वाटलाच नव्हता.

मार्चमध्ये बाबांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक वर्ड फाइल पाठवली. 'ताईचा बायोडेटा आहे. फॉन्ट वगैरे नीट करून दे.' वर गणपती, खाली जन्मतारीख, उंची, शिक्षण. आणि 'वैवाहिक स्थिती'समोर लिहिलेलं : घटस्फोटित, इश्यूलेस.

फॉन्ट राहिला बाजूला, मी त्या शब्दाकडेच बघत बसलो.

सांगलीत चाळीस वर्षं काढलेला माझा बाप, अख्खा बायोडेटा मराठीत लिहितो आणि नेमका इथं इंग्रजीत का जातो? मराठीत शब्द नाहीत असं थोडंच आहे! 'विनाअपत्य' आहे, पण तो तहसील कचेरीतल्या दाखल्यावरचा वाटतो. 'निपुत्रिक' म्हटलं की मुलगी झाली तरी माणूस निपुत्रिकच. आणि तिसरा जो शब्द आहे तो तर बाईला हाणायचा दगड आहे, तो मी इथंही लिहिणार नाही. आपल्याकडे जे बोलताना जीभ अडखळते ते आपण इंग्रजीत ढकलतो. डिव्होर्स, मिसकॅरेज, डिप्रेशन. आईच्या पिढीत पाळीला 'अडचण' म्हणायचे, आणि इश्यूचं भाषांतर शोधायला गेलं की तो शब्दही मिळतो.

त्या रात्री कोश उघडून बसलो. (इंजिनियर माणूस दुसरं काय करणार? रडता येत नसलं की डॉक्युमेंटेशन वाचायचं.) इश्यू हा जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला शब्द. मागे जाल तर लॅटिनमधलं 'एक्झिरे', म्हणजे बाहेर जाणं. एक्झिट त्याचाच भाऊ. फ्रेंचमध्ये आजही आपत्कालीन दरवाजाला 'इस्यू द सकूर' म्हणतात. हा एक धागा हातात आला की बाकीचे अर्थ आपोआप ओवले जातात. मासिकाचा इश्यू म्हणजे छापून बाहेर पडलेला अंक. कंपनी शेअर इश्यू करते, ग्रंथपाल पुस्तक इश्यू करतो, पासपोर्टवर डेट ऑफ इश्यू असते. वादातून जो मुद्दा बाहेर पडतो तोही इश्यू. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतला चौदावा आदेश असे मुद्दे निश्चित करण्याबद्दलचाच आहे. आणि पोटातून बाहेर येतं ते मूल, तेही इश्यू. वारसाहक्काच्या इंग्रजीत हा अर्थ शतकानुशतकं आहे. 'प्रॉब्लेम' हा अर्थ त्या मानाने अगदी अलीकडचा.

गंमत म्हणजे आपलं 'अपत्य'ही काही वेगळं नाही. मोनियर-विल्यम्सच्या १८९९च्या संस्कृत कोशात त्याचं मूळ 'अप' असं दिलंय. अप म्हणजे दूर, अलग. आपल्यातून निघून अलग झालेलं. दोन भाषांनी एकच गोष्ट पाहिली होती.

हे सगळं मला भारी वाटलं आणि मी दुसऱ्या दिवशी ताईला फोन करून सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "झालं तुझं? आता माझं ऐक. तो शब्द बाबांचा नाहीये. वकिलांच्या कागदातला आहे."

मला आठवलंच नव्हतं. परस्परसंमतीचा अर्ज, कलम १३-ब. त्यात एक ठरलेलं वाक्य असतं की सदर विवाहापासून उभयतांना इश्यू नाही. संमती असल्यामुळे कोर्टाला मुद्देही काढावे लागले नाहीत. म्हणजे कुठल्याच अर्थानं इश्यू नाही. ताईनं त्या पानावर सही केली तेव्हा मी शेजारच्या खुर्चीत बसलो होतो आणि मोबाइलवर ऑफिसचं चॅट बघत होतो.

"काढून टाकू का?" मी विचारलं.

"काढलास तर लोक फोन करून पहिला तोच प्रश्न विचारतात. ठेवला की निदान स्थळं येतात." थोडा वेळ ती गप्प राहिली. "पण खरं नाहीये रे ते. पाच महिने होतं. ते कुठल्या कॉलममध्ये लिहायचं?"

मला काहीही सुचलं नाही. 'बघतो' म्हणालो. फॉरमॅटिंगबद्दल म्हणतात तसं.

जिरात इश्यू बंद करताना कारण निवडावं लागतं. 'डन', 'वोन्ट डू', 'डुप्लिकेट'. त्या यादीत एक 'कॅनॉट रिप्रोड्यूस' पण असतं, म्हणजे तक्रार आली, पण आमच्या मशीनवर तसं घडत नाही. टीममधला आवडता पर्याय. त्यावर होणारे विनोद सगळ्या आयटीवाल्यांना पाठ आहेत आणि त्यातले निम्मे मी स्वतः केलेत. त्या आठवड्यात माझा एक इश्यू तसाच बंद करायचा होता. मी 'वोन्ट डू' केला. मॅनेजरनं विचारलं, हे का? मी म्हटलं, चुकून झालं.

शनिवारी ताईनं फाइल परत पाठवली. तिनं स्वतःच बदलली होती. इश्यूलेस गेलं होतं. तिथं होतं : 'घटस्फोटित. मूल नाही. एक होणार होतं.'

पाठोपाठ बाबांचा फोन. त्यांनी ती ओळ वाचली होती हे आवाजावरूनच कळत होतं.

"ताईनं जे लिहिलंय," ते म्हणाले, "त्याचा फॉन्ट बाकीच्यासारखाच आहे ना? बघ जरा."

मी बघितला. एक पॉइंट लहान होता. तो मोठा केला.

"आता सारखा झालाय बाबा. पीडीएफ करून पाठवतो."