गानस्पर्धेत आपली बोली

मूल गाऊ लागले की घरातील माणसे हातचे काम सोडून ऐकत राहतात. तेथे कोणी गुण मांडीत बसत नाही. परंतु जगाची रीत निराळी आहे. जगाने मुलांच्या गाण्याचीही चढाओढ मांडली आहे, आणि तीही गावागावांत नव्हे, तर राष्ट्राराष्ट्रांत. या चढाओढीविषयी आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस चार शब्द सांगावे, असे पुष्कळ दिवस आमच्या मनात होते. कारण तीत गळ्याच्या परीक्षेखेरीज आणखीही एक परीक्षा असते, आणि ती परीक्षा आम्हां खानदेशवासीयांच्या अगदी घरातली आहे.

या चढाओढीचे नाव ‘ज्युनियर युरोव्हिजन’ असे आहे. १५ नोव्हेंबर २००३ रोजी डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे ती प्रथम भरली. त्या वेळी १६ देशांनी आपापले बालगायक पाठविले होते, आणि क्रोएशिया देशाचा दिनो येलुसिच हा ११ वर्षांचा मुलगा पहिला आला. हल्ली ९ ते १४ वर्षे वयाची मुले तीत भाग घेतात. देशोदेशींच्या दूरचित्रवाणी संस्था त्यांना पाठवितात. आपला भारत या चढाओढीत आजवर उतरलेला नाही, कारण मुळात हा युरोपातील संस्थांचा उपक्रम आहे. तथापि ऑस्ट्रेलियासारख्या दूरच्या देशाची मुलेही २०१५ ते २०१९ या काळात तीत गाऊन गेली.

या स्पर्धेचा एक नियम आम्हांस फार मोलाचा वाटतो. तो असा की, मुलाने म्हणावयाचे गीत मुख्यत्वे त्याच्या स्वतःच्या देशाच्या भाषेत असले पाहिजे. ऐकणाऱ्या लक्षावधी लोकांना त्यातील शब्द समजत नाहीत, हे ठाऊक असूनही मुलाने आपल्याच भाषेत गावयाचे! जॉर्जिया हा कॉकेशस पर्वताच्या पायथ्याचा लहानसा देश आहे. त्याची लोकसंख्या ४० लाखांच्याही आत, लिपी साऱ्या जगाहून वेगळी. तरी त्याने २००८, २०११, २०१६ व २०२४ अशी चार वेळा ही स्पर्धा जिंकली. लहान देशाची भाषा मोठ्या सभेत लहान ठरत नाही, याचे याहून चांगले उदाहरण कोणते द्यावे?

परंतु आमचे मन अधिक गुंतते ते जिंकणाऱ्या जॉर्जियात नव्हे, तर हरलेल्या वेल्समध्ये. वेल्स हा ब्रिटनचाच एक भाग होय. पण तेथील वेल्श भाषा इंग्रजीहून अगदी निराळी व फार जुनी आहे. २०२१ च्या शिरगणतीप्रमाणे ती बोलणारे लोक सुमारे ५ लक्ष ३८ हजार, म्हणजे तेथील दर सहा माणसांत जेमतेम एक. एकोणिसाव्या शतकात तेथील कित्येक शाळांत अशी रीत होती की, जे मूल वेल्शमध्ये बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात लाकडाची एक पट्टी अडकवावयाची. दुसरे कोणी तसेच बोलताना सापडले की पट्टी त्याच्या गळ्यात जाई, आणि शाळा सुटताना ती ज्याच्या गळ्यात असे, त्याला बहुधा छडी मिळे. मुलांना इंग्रजी येऊन त्यांचे भले व्हावे, असाच त्या शिक्षकांचा समज होता. आम्ही स्वतः शिक्षक असल्यामुळे ही हकीकत वाचून आमचे मन फार अस्वस्थ झाले. भले करण्याच्या हेतूने मुलाच्या तोंडची भाषा काढून घेता येते, हे शिक्षकाने नित्य ध्यानात ठेवावे असेच आहे.

त्याच वेल्सने २०१८ साली बेलारूसमधील मिन्स्क शहरी आपली एक बालिका पाठविली. ज्या भाषेपायी पणजोबांच्या गळ्यात पट्टी पडली असेल, त्याच भाषेत ती मुलगी साऱ्या युरोपपुढे गायिली. त्या वर्षी २० देश होते, आणि वेल्सचा क्रमांक विसावा आला. पुढे काय झाले? २०१९ साली पोलंडमधील ग्लिविस येथे वेल्सने पुन्हा एक मुलगी पाठविली, आणि तीही वेल्शमध्येच गायिली. या वेळी १९ देशांत तिचा क्रमांक अठरावा होता. आमच्या मते, या दोन वर्षांत वेल्सने जे मिळविले ते गुणपत्रिकेवर लिहिता येण्याजोगे नव्हते.

वाचकहो, आता आपल्या मेहरूणकडे वळू. आमच्या वर्गातील एका मुलीला तिच्या आजीने आखाजीची गाणी शिकविली आहेत. लिंबाच्या फांदीला झोका बांधून सासुरवाशिणी जी अहिराणी गाणी म्हणतात, तीच ही. शाळांच्या गानस्पर्धेसाठी तिने त्यांतील एक निवडले, तेव्हा तिचे वडील आम्हांस भेटावयास आले व म्हणाले, “सर, पोरगी शिकते आहे. चार लोकांपुढे गावठी गाणे कशाला? लोक हसतील. सिनेमातले एखादे चांगले बसवा.” त्यांचे बोलणे आम्ही हसण्यावारी नेले नाही. अहिराणी बोलल्यामुळे ज्याला कोठे तरी खाली मान घालावी लागली असेल, त्यालाच ती भीती कळते. शिवाय प्रमाण मराठी व इंग्रजी मुलांस उत्तम आली पाहिजे, यात आम्हांसही शंका नाही. वह्यांतील निबंध आम्ही त्याच दृष्टीने तपासतो. आम्ही एवढेच म्हणालो, “भाऊ, निबंध ती प्रमाण मराठीतच लिहील. पण हे गाणे तिच्या गळ्यात आजीने घातले आहे. ते काढून दुसरे घालण्याचा अधिकार आम्हांला नाही.”

मुलगी गायिली. प्रथम मागल्या बाकांवर थोडा हशा पिकला, मग तो थांबला. बक्षीस मिळाले नाही. आवाज गोड, पण शब्द समजले नाहीत, असा अभिप्राय आला. परत येताना ती गप्प होती, आणि तिच्या समजुतीला आमच्यापाशी शब्द नव्हते. यंदा मात्र तिने आपण होऊन पुन्हा नाव दिले, आणि गाणे पुन्हा अहिराणीच. वडील भेटावयास आले. गाण्याबद्दल अक्षर काढले नाही. “म्हातारीला ऐकायला आणले तर चालेल का?” एवढेच त्यांनी विचारले.

क्रमांकाचे मोल किती असते, हे पालकांनी २००९ साली पाहिलेच आहे. त्या वर्षी ‘सा रे ग म प लिटल चॅम्प्स’ या मराठी स्पर्धेत आळंदीची कार्तिकी गायकवाड पहिली आली. पण महाराष्ट्राने तिच्याबरोबर प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन, आर्या आंबेकर व रोहित राऊत यांनाही ‘पंचरत्न’ म्हणून मनात ठेवले. दुसरा कोण आणि पाचवा कोण, हे आज किती जणांस आठवते?

आपल्या जळगावचे उदाहरण तर याहून मोठे आहे. आसोद्यास १८८० साली जन्मलेल्या व जळगावास नांदलेल्या बहिणाबाई चौधरी यांस लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, घरात, जात्यावर त्या आपल्या खानदेशी बोलीत गात राहिल्या. ते गाणे मुलगा सोपानदेव आदी घरच्या मंडळींनी टिपून ठेवले, म्हणून १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर एका वर्षाने, ते पुस्तकरूपाने महाराष्ट्राच्या हाती आले. ‘ही गावठी बोली’ म्हणून घरच्यांनी तिकडे कान दिला नसता, तर केवढे धन मातीत गेले असते!

मेहरूणच्या बोराने सफरचंदासारखे लागावे, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. ते आपल्या चवीनेच बाजारात मान मिळविते. तेव्हा विद्यार्थ्यांनो, प्रमाण भाषा मन लावून शिका, परक्या भाषाही शिका. पण आजीजवळ बसून तिची गाणीही शिकून घ्या, कारण ती शिकविणारी शाळा फार दिवस उघडी राहत नाही. आणि पालकहो, तुमचे मूल त्या गाण्यासह व्यासपीठावर उभे राहिले, तर निकालाची वाट न पाहता पुढल्या रांगेत येऊन बसा.