मानेचा पट्टा

आमच्या सिन्नरच्या घरात दाराआड एक खिळा होता. त्यावर छत्री नाही की पिशवी नाही. फक्त नानांचा, म्हणजे वडिलांचा, याशिका कॅमेरा. चामडी कव्हरातला, एकावर एक दोन भिंगांचा, किलोभर वजनाचा. कॅमेऱ्याला हात लावायची आम्हा पोरांना बंदी होती. पण पट्टा खाली लोंबत असायचा आणि त्याच्याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. जाता-येता मी त्याचा वास घ्यायचे. घाम, खोबरेल आणि कुठल्यातरी लग्नातलं अत्तर.

पट्टा जेमतेम बोटभर रुंद. वैशाखात लग्नतिथी दाट असली की हळदीपासून पाठवणीपर्यंत तो नानांच्या गळ्यात. रात्री शर्ट काढला की मानेवर लाल वळ आणि कॉलरला काळपट रेघ. ती रेघ साबणानं घासताना आई म्हणायची, "फोटो यांनी काढायचे, डाग मी."

घरातून निघताना नानांची एक सवय होती. दोन्ही अंगठे पट्ट्यात अडकवून दोन हिसके द्यायचे. एक डावीकडे, एक उजवीकडे. मगच पायात चप्पल.

त्या कॅमेऱ्यात वरून, मान खाली घालून बघावं लागे. मंडपात फ्लॅशचे सेल बसले की नाना शटर सावकाश ठेवत, कॅमेरा पोटाशी धरून खाली दाबत. मानेमागून पट्टा ताठ होई आणि हाताची थरथर त्या ताणात जिरून जाई. "पट्टा ताण, श्वास धर, मग दाब." रोलमध्ये फोटो बाराच; हललेला एकही परवडायचा नाही. पट्टा नुसता कॅमेरा टांगायला असतो, असं मला म्हणूनच कधी वाटलं नाही.

एकदा कडीजवळचा टाका उसवला. नानांबरोबर मी एसटी स्टँडजवळ चपला शिवणाऱ्या बाबांकडे गेले. तरुणपणी त्यांनी विहिरींच्या मोटा शिवल्या होत्या. नाना पट्टा मधे ताणून दाखवायला लागले, तर बाबांनी तिकडे पाहिलंच नाही. कडीपाशी जिथं चामडं दुमडलेलं होतं, तिथं नख घातलं. "वादी मधी न्हाय तुटत, मालक. जोडाला तुटती. मोटेचंबी तेच." रापीनं जुना टाका कापला, आरीनं नवी भोकं पाडली आणि मेण लावलेल्या दोऱ्यानं दुहेरी टाके घातले. तो जोड पुढे कॅमेऱ्यापेक्षा जास्त टिकला.

हे सगळं बघूनही मी चुकले. कॉलेजात असताना हट्टानं निकॉनचा एफएम १० घेतला. सोबत नायलॉनचा पट्टा, त्यावर पिवळ्याधमक अक्षरांत कंपनीचं नाव. मी तो घाईघाईनं ओवला आणि दोन महिन्यांनी गोंदेश्वराच्या देवळात गेले. नंदीमंडपातून मुख्य देवळाचं शिखर टिपलं, आणि कोपऱ्यातल्या लहान देवळाकडे वळताना गळा एकदम हलका झाला. कॅमेरा जोत्याच्या दगडावर. फिल्टर फुटला, कॅमेऱ्याच्या डोक्याला तडा गेला. गंमत अशी, की ते सगळं देऊळ चुन्याविना, खाचा-कुसू जुळवून उभं आहे. यादवांच्या काळापासून ते दगड एकमेकांना धरून आहेत आणि माझ्या पट्ट्याची दोन बोटांची शेपटी दोन महिने टिकली नव्हती.

नाना रागावले नाहीत. पट्टा सोडला आणि पुन्हा ओवून दाखवला. टोक आधी कॅमेऱ्याच्या कडीतून, तिथून वळवून बकलात. पण उरलेलं टोक बाहेर लोंबतं ठेवायचं नाही, बकलाच्या आत, दोन पदरांमध्ये दाबायचं. नायलॉन गुळगुळीत. टोक मोकळं असलं तर ते चालण्याच्या हिसक्यांनी रोज कणाकणानं सरकतं. "पडला त्या दिवशी नाही सुटला तो," नाना म्हणाले, "दोन महिने सुटतच होता."

लग्न झाल्यावर निराळीच पंचाईत. गळ्यातला पट्टा मंगळसूत्रात अडकायचा, ओढणी ओढायचा, मानेवरचे केस उपटायचा. दुकानदार जे पट्टे दाखवत ते बहुधा पुरुषाच्या मानेवर मोजलेले. शेवटी पट्टा तिरका, खांद्यावरून कमरेशी घेतला. मऊ स्पंजासारखा निओप्रीनचा आणला तर भारी लेन्स लावल्यावर तो रबरासारखा ताणायचा आणि कॅमेरा पावलागणिक मांडीवर आपटायचा. रुंद, न ताणणारा आणि आतून जरा खरखरीत, असा मला मानवला. तो कॅमेऱ्याच्या तळाच्या स्क्रूला लागतो. चालून चालून हा स्क्रू ढिला होतो, म्हणून खाली रबरी वायसर आणि वरच्या कडीला जादा दोरी. हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरला पक्ष्यांसाठी मोठी लेन्स नेते, तेव्हा पट्टा लेन्सच्या पायाला लावते. नाहीतर कॅमेऱ्यापेक्षा लेन्स जड झाली की सगळा भार दोघांच्या जोडावर येतो.

आराम म्हणजे काय, हे मात्र मला दुकानात कळलं नाही. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघून सिन्नर तालुक्यातून पंढरीला जाते. दातलीच्या रिंगणात फोटो काढताना एका पखवाजवाल्याशेजारी उभी होते. वजनदार पखवाज गळ्यात घेऊन ते पंढरपूरपर्यंत चालणार होते. त्यांच्या पट्ट्याखाली उपरण्याची घडी होती आणि थोड्या थोड्या वेळानं ते ती इंचभर सरकवत. मी विचारलं तर हसले. "माउली, एकाच जागेनं किती सोसायचं? वजन हिंडवायचं." तेव्हापासून मीही तासाभरानं खांदा बदलते.

गेल्या वर्षी नानांची मान धरली. डॉक्टरांनी वय सांगितलं, मणक्यांची झीज सांगितली आणि महिनाभर पट्टा लावायला दिला. चार बोटं रुंद, स्पंजाचा, मागं वेलक्रो. हयातभर बोटभर वादीवर किलोभर वजन वागवलं, तेव्हा एवढा रुंद आणि मऊ पट्टा त्यांना कुणी दिला नव्हता. आईला हसू आवरेना. नानांनी वेलक्रो दोनदा चरचर उघडून पाहिला आणि म्हणाले, "पट्टा बरा आहे. जोड टिकणार नाही."

त्याच आठवड्यात मला एका लग्नाला निघायचं होतं. कॅमेरा खांद्याला लावून मी पाया पडले. नानांना मान खाली करता येत नव्हती. नजर समोरच्या भिंतीवर ठेवून त्यांनी हात पुढे केला, चाचपत बकल शोधलं, टोक आत दाबलेलं आहे का ते बोटानं बघितलं, तळाचा स्क्रू पाव फेरा आवळला. मग अंगठे अडकवून दोन हिसके दिले. एक डावीकडे, एक उजवीकडे.

"जा," म्हणाले.