सव्हानातील बिऱ्हाड

अमेरिकेच्या दक्षिण भागात, जॉर्जिया राज्यात, सव्हाना नावाचे एक लहानसे जुने शहर आहे. त्याच नावाच्या नदीच्या काठी ते वसले आहे. कामानिमित्त २०२३ साली मला तेथे वर्षभर राहावे लागले. प्रवासी चार दिवस येतो, शहराची शोभा पाहतो आणि निघून जातो. परंतु भाड्याने का होईना, एकदा बिऱ्हाड थाटले म्हणजे तेच शहर निराळे दिसू लागते.

माझे बिऱ्हाड करड्या विटांच्या एका जुन्या घरात होते. घराचे मुख्य दार उंच दगडी जिन्याच्या टोकाशी होते आणि माझे दार त्या जिन्याखाली. वरच्या मजल्यावर घरमालकीणबाई राहत. एका महिन्याचे भाडे आगाऊ आणि तेवढीच अनामत रक्कम भरून मी करारावर सही केली. करारात अटी पुष्कळ होत्या : भिंतीत खिळा ठोकू नये, जुन्या तावदानांना हात लावू नये, खिडक्यांचा रंग बदलू नये. माझी मुद्रा पाहून बाई हसून म्हणाल्या, “अहो, मीसुद्धा बांधलेलीच आहे. रस्त्यावरून दिसणारा भाग बदलायचा, तर मलाही शहराची परवानगी घ्यावी लागते. घर माझे असले, तरी त्याचे रूप साऱ्या गावाचे आहे!”

त्या बोलण्याचा अर्थ मला गावातून हिंडताना हळूहळू उमगत गेला. १७३३ साली जेम्स ओग्लथॉर्प यांनी या शहराची आखणी केली. प्रत्येक वस्तीच्या मध्यभागी एक मोकळा चौक, त्याच्या उत्तरेस व दक्षिणेस घरे, तर पूर्वेस व पश्चिमेस सार्वजनिक इमारतींसाठी जागा, अशी ती योजना होती. प्रारंभी चौक चार होते. पुढे ते चोवीस झाले. त्यांपैकी बावीस आजही आहेत. माझ्या घराला अंगण नव्हते. पण शेजारचा चौक हेच आम्हां सर्वांचे अंगण होते. तेथे सदाहरित ओक वृक्षांची गर्द सावली असे. त्यांच्या फांद्यांवरून राखी रंगाच्या जटा लोंबत. त्यांना ‘स्पॅनिश मॉस’ म्हणतात. परंतु ते शेवाळ नव्हे आणि स्पेनचेही नव्हे. ती चक्क अननसाच्या कुळातील वनस्पती आहे!

हे वैभव आपोआप टिकलेले नाही. १९५४ साली एलिस चौकातील जुनी मंडई पाडून तेथे मोटारी उभ्या करण्यासाठी इमारत बांधण्यात आली. पुढच्याच वर्षी १८२० साली बांधलेल्या डेव्हनपोर्ट गृहावरही तीच पाळी आली. तेव्हा गावातील सात स्त्रिया एकत्र आल्या. त्यांनी २२,५०० डॉलर उभे करून ते घर विकत घेतले आणि जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी एक संस्था स्थापन केली. एलिस चौकाला मात्र फार काळ वाट पाहावी लागली. मोटारींची ती इमारत हटवून २०१० साली तो पुन्हा लोकांसाठी खुला झाला.

पण जुन्या घरांच्या शोभेमागे दुःखाचीही एक कहाणी आहे. येथील पुष्कळ घरांच्या करड्या विटा गावाजवळच्या एका मळ्यावर गुलामांच्या हातांनी घडल्या. गुलामांना लिहावाचावयास शिकवणे हा त्या काळी गुन्हा होता. तरीही सूझी किंग टेलर ही गुलामगिरीत जन्मलेली मुलगी रोज गुप्त शाळेत जाई. कोणाच्या नजरेस पडू नयेत म्हणून ती पुस्तके कागदात गुंडाळून नेई. पुढे ती शिक्षिका झाली आणि गुलामगिरीतून मुक्त झालेल्या मुलांसाठी तिने याच शहरात शाळा चालवली. गुलामगिरीचे समर्थन करणाऱ्या एका पुढाऱ्याचे नाव येथील एका चौकाला होते. २०२३ साली नगरसभेने त्या चौकाला सूझी किंग टेलर यांचे नाव दिले. ज्या गावात तिला पुस्तक लपवावे लागले, त्याच गावाच्या चौकावर आज तिचे नाव उघडपणे वाचता येते.

म्हणून मला वाटते, जुने शहर सांभाळणे म्हणजे केवळ विटा आणि वृक्ष सांभाळणे नव्हे. त्या विटा कोणी घडवल्या, हेही स्मरणात ठेवले पाहिजे. तसे पाहिले तर कोणत्याही गावात आपण सारे भाडेकरूच असतो. आपल्या आधी कोणी तेथे राहून गेलेले असते, आपल्यानंतर कोणी यावयाचे असते. चांगला भाडेकरू घर होते तसे परत करतो. त्याहून चांगला भाडेकरू ते थोडे अधिक नीटनेटके करून जातो.