छोटा कॅमेरा, मोठी बर्डी

मोबाइलपेक्षा जरा मोठा, डीएसएलआरपेक्षा बराच छोटा आणि तरीही लेन्स बदलता येणारा कॅमेरा घेतलाय? आणि घेतल्यापासून तो कपाटातच पडलाय? मग सुटीच्या एका दिवशी त्याला घेऊन बर्डीवर चला!

नागपूरकर कधीही ‘सीताबर्डीला’ जात नाही. तो ‘बर्डीवर’ जातो. दिवाळीचे कपडे, कॉलेजची बॅग, मोबाइलचं कव्हर, मैत्रिणीच्या लग्नाचं गिफ्ट, सगळ्याला उत्तर एकच. शीतलप्रसाद आणि बद्रीप्रसाद या दोन गवळी भावांच्या नावांवरून ‘शीतलबद्री’ आणि त्याचं सीताबर्डी झालं, अशी इथली जुनी कहाणी आहे. खरी-खोटी असो, पण दोन नावांची गर्दी करून बनलेलं नाव या भागाला अगदी शोभतं. कारण इथे सगळंच गर्दीने बनलंय.

अशा गर्दीत मोठा कॅमेरा काढला की काय होतं, हे प्रत्येक हौशी फोटोग्राफरला माहीत आहे. लांबलचक लेन्स दिसली की पाणीपुरीवाला हात थांबवतो, कॉलेजची पोरं पोज देतात आणि कोणीतरी येऊन विचारतं, ‘काऊन जी, कोणत्या चॅनलवाल्या?’ समोरचं दृश्य गेलेलं असतं आणि तुमच्याकडे उरतो एक ग्रुप फोटो.

आरसा गेला, वजन गेलं

इथे मिररलेस कॅमेरा कामी येतो. फंडा सोपा आहे. डीएसएलआरमध्ये लेन्सच्या मागे एक आरसा असतो. तो प्रकाश वरच्या व्ह्यूफाइंडरकडे पाठवतो आणि क्लिक केलं की बाजूला होतो. मिररलेसमध्ये तो आरसाच काढून टाकला. सेन्सरवर पडलेलं चित्र थेट स्क्रीनवर. आरशाची जागा वाचली, म्हणून कॅमेऱ्याची बॉडीही सडपातळ झाली.

ऑगस्ट २००८मध्ये ऑलिम्पस आणि पॅनासॉनिक या दोन कंपन्यांनी मिळून ‘मायक्रो फोर थर्ड्‌स’ ही सिस्टिम जाहीर केली. त्याच वर्षी पॅनासॉनिकचा जी-वन आला आणि २००९मध्ये ऑलिम्पसचा छोटेखानी ई-पी-वन. त्याचं ‘पेन’ हे नाव १९५९च्या एका फिल्म कॅमेऱ्याकडून आलं होतं. तो जुना पेन इतका काटकसरी, की ३६च्या रोलवर ७२ फोटो काढायचा! २०१०मध्ये सोनी, २०१२मध्ये फुजीफिल्म आणि कॅननही या शर्यतीत उतरले. गंमत म्हणजे सुरुवात करणाऱ्या ऑलिम्पसने २०२१मध्ये आपला कॅमेऱ्याचा धंदा वेगळ्या कंपनीला देऊन टाकला. आता तेच कॅमेरे ‘ओएम सिस्टिम’ नावाने येतात.

माझा कॅमेरा सेकंडहॅण्ड आहे, लेन्ससकट अर्ध्या किलोच्या आसपास. ब्रॅण्ड मुद्दामच सांगत नाही, कारण बर्डीवर त्याने काही फरक पडत नाही. फरक पडतो तो कॅमेरा बरोबर असण्याने.

सकाळी सात : झेंडू आणि केशरी संकट

दिवसाची सुरुवात नेताजी मार्केटच्या फुलबाजारातून करा. ओल्या गोणपाटावर झेंडूचे ढीग, शेवंती, गुलाबाच्या पाकळ्या आणि भावावरून चाललेली हुज्जत. इथे कॅमेऱ्याची पहिली परीक्षा होते. झेंडूचा भडक केशरी रंग सेन्सरला झेपत नाही. पाकळ्या दिसायच्या ऐवजी नुसता रंगाचा गोळा येतो. मिररलेसचा फायदा असा, की एक्स्पोजर कमी-जास्त केलं की क्लिक करण्याआधीच ते स्क्रीनवर दिसतं. डायल जरा मायनसकडे फिरवा, पाकळी न्‌ पाकळी परत येते.

माझी एक मैत्रीण इथे वेगळाच उद्योग करते. तिच्या बाबांच्या जुन्या फिल्म कॅमेऱ्याची ५० एमएमची लेन्स तिने एका अडॅप्टरने आपल्या नव्या कॅमेऱ्यावर बसवलीय. मिररलेसमध्ये लेन्स आणि सेन्सर यांच्यातलं अंतर कमी असतं, म्हणून मधे अडॅप्टरला जागा मिळते. छोट्या सेन्सरमुळे ती ५०ची लेन्स १०० एमएमसारखी वागते, म्हणजे पोर्ट्रेटला मस्त. फोकस मात्र हाताने करायचा. ‘बाबा कसे फोकस करत असतील, ते आता कळलं,’ असं ती म्हणते. तिचे दहातले चार फोटो हलतात, पण उरलेल्या सहांवर तिचा जीव आहे.

दहा वाजता : झिरो माइल ते टेकडी

तर्री पोहे हाणून झाले की झिरो माइल. वाळूच्या दगडाचा खांब, चार घोडे आणि चांदा, जबलपूर, हैदराबाद अशा गावांची मैलांतली अंतरं. इंग्रजांच्या काळात देशाची जी प्रचंड मोजणी झाली, तिच्याशी या जागेचं नातं आहे. इथला मोजणीचा दगड १९०७चा. देशाचा मध्यबिंदू नेमका हाच का, यावर वाद आहेत. पण नागपूरकरापुढे तो वाद काढू नका.

इथून जवळच गोवारी शहीद स्मारक आहे. २३ नोव्हेंबर १९९४ला विधिमंडळ अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जणांचा जीव गेला. बर्डीच्या उड्डाणपुलालाही त्यांचंच नाव आहे. दर वर्षी त्या तारखेला लोक इथे फुलं वाहायला येतात. छोटा कॅमेरा कोणाच्या लक्षात येत नाही, हे त्याचं कौतुक आपण करतो. पण लक्षात न येणं म्हणजे परवानगी नव्हे. रडणाऱ्या माणसाचा फोटो काढण्याआधी कॅमेरा खाली घ्या, नजरेने विचारा. नको म्हटलं तर नको.

वर टेकडीवर सीताबर्डीचा किल्ला. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ला आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि ईस्ट इंडिया कंपनी इथेच भिडली. लढाई कंपनीने जिंकली आणि त्यानंतर मोठी आणि छोटी टेकडी मिळून किल्ला उभा राहिला. आज तो लष्कराकडे आहे. सर्वसामान्यांना आत जायला मिळतं ते वर्षातल्या मोजक्या दिवशी, २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. लष्करी जागा आहे, त्यामुळे कॅमेऱ्याबद्दल गेटवर सांगतील तेच खरं. टेकडीच्या गणपतीलाही कॅमेरा बॅगेत ठेवूनच हात जोडलेले बरे.

दुपार : बॅटरी आणि धूळ

आता जरा रडगाणं. स्क्रीन सतत चालू, म्हणून बॅटरी भराभर संपते. डीएसएलआर एका चार्जवर ८००-९०० फोटो आरामात देतो, छोटे मिररलेस बहुतेक वेळा ३००-३५०वर दमतात. त्यात नागपूरचा मे महिना! पारा ४५च्या वर असताना काळी बॉडी तव्यासारखी तापते आणि उन्हात स्क्रीनवर दिसतो फक्त स्वतःचा घामट चेहरा. त्या वेळी डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर असेल तर सुटका.

दुसरा शत्रू धूळ. आरसा नसल्यामुळे लेन्स काढली की बऱ्याच मॉडेल्समध्ये सेन्सर उघडाच पडतो. मेट्रोचं काम चालू होतं तेव्हा बर्डीवर लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरला पावडर लावणं होतं. आजही मेन रोडवर बदलू नका. एकच छोटी लेन्स लावा आणि पायाने झूम करा, म्हणजे दोन पावलं पुढे, दोन पावलं मागे. बर्डीत मागे यायला जागा मिळाली तर!

तक्रारी इतरांच्याही आहेत. लग्नाचे फोटो काढणारा एक ओळखीचा भाऊ सांगतो, ‘छोटा कॅमेरा पाहिला की पार्टी म्हणते, रेट पण छोटा लावा जी.’ म्हणून तो स्टेजवर मोठा कॅमेरा मिरवतो आणि हळदीच्या खोलीत छोटा नेतो. तिथले फोटो जास्त जिवंत येतात, हे त्यालाही मान्य आहे. बँकेतल्या एका मैत्रिणीने मात्र कॅमेरा वर्षभरात विकून टाकला. तिचं म्हणणं साधं होतं, मोबाइल पुरतो. तिला पुरतो, हे खरंच आहे. फोटो काढून लगेच पाठवायचा असेल, तर मोबाइलला तोड नाही.

संध्याकाळ : मेन रोड आणि एक जुना फोटो

सहानंतर व्हरायटी चौकातून मेन रोडला शिरा. बल्ब लागलेले असतात, टी-शर्टांचे ढीग, बांगड्या, चपला, ‘दीडशे, दीडशे, दीडशे’चा पुकारा. मोदी नंबर एक, दोन, तीन अशा नावांच्या गल्ल्या आहेत, चुकलात तरी मजा आहे. इथे वर झुकणारा स्क्रीन उघडा आणि कॅमेरा पोटाशी धरा. तुमचा चेहरा झाकला जात नाही, त्यामुळे समोरच्याशी बोलता बोलता फोटो होतो. ‘काय शूट करून राहिली ताई?’ असं विचारणाऱ्याला स्क्रीन दाखवला की तो स्वतःच शेजाऱ्याला बोलावतो.

मग मुंजे चौक. मास कम्युनिकेशनच्या पहिल्या वर्षाला असताना, २०१६मध्ये, उसन्या कॅमेऱ्याने मी या भागाचे फोटो काढले होते. मेट्रोचं काम आदल्या वर्षीच शहरात सुरू झालं होतं. मार्च २०१९मध्ये बर्डीपर्यंत पहिली मेट्रो आली आणि जानेवारी २०२०मध्ये दुसरी लाइनही येऊन मिळाली. आज इथे दोन्ही लाइन्सचं भलंमोठं इंटरचेंज स्टेशन आहे. माझ्या जुन्या फोटोत त्या जागी आकाश आहे, तारांची जाळी आहे आणि एका कोपऱ्यात पेटीवर बसलेले किल्लीवाले काका आहेत, कानस हातात, चष्मा कपाळावर.

दोन वर्षांपूर्वी तोच फोटो फोनवर उघडून मी जागा शोधत होते. शेजारी किल्ल्या बनवणारा तरुण वाकून पाहू लागला. पाहताच त्याने हातातली कानस खाली ठेवली. ‘हे आमचे बाबा व्हय.’ ते कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले होते. घरी त्यांचे फोटो होते, लग्नातले, आधार कार्डावरचे. पेटीवर बसून काम करतानाचा एकही नव्हता. पुढच्या आठवड्यात मी मोठी प्रिंट काढून दिली. त्याने पैसे विचारले. मी नाही म्हटल्यावर माझ्या स्कूटीच्या किल्लीची डुप्लिकेट करून दिली, दोन मिनिटांत.

तेव्हापासून ‘बर्डीवर फोटो काढण्यासारखं आहे तरी काय’ असं कोणी म्हटलं, की मी किल्ल्याआधी किल्लीवाल्यांचं नाव घेते. किल्ला दोनशे वर्षं तिथेच आहे, आणखीही राहील. पेटीवरचा माणूस, हातगाडी, दुकानाची हाताने रंगवलेली पाटी यांचा भरवसा नाही. त्यांच्यासाठी कॅमेरा रोज बरोबर हवा, आणि जड कॅमेरा रोज कोणी नेत नाही.

बॅगेत काय?

– दोन बॅटऱ्या, दोन्ही रात्रीच चार्ज केलेल्या.
– एकच लेन्स. मायक्रो फोर थर्ड्‌सवर १७ किंवा २० एमएम, मोठ्या एपीएस-सी सेन्सरवर २३ ते २७ एमएम.
– धूळ उडवायचा रबरी ब्लोअर. सेन्सरवर तोंडाने फुंकर अजिबात नको!
– पावसाळ्यात एक साधी प्लास्टिकची पिशवी. छोटे स्वस्त मॉडेल्स पाण्याला टिकतीलच असं नाही.
– गाडी घरीच. मेट्रोने इंटरचेंजला उतरा, पार्किंगसाठी फिरायचा अर्धा तास वाचेल.
– ज्याचा फोटो काढला, त्याला पुढच्या खेपेला प्रिंट. खर्च एका चहा-समोशाचा, आणि पुढच्या वेळी तोच तुम्हाला उभं राहायला जागा करून देतो.