जमेची बाजूही लिहावी

लासलगावच्या बाजारात मनाचे स्वास्थ्य टिकवणे सोपे नाही. १९४७ साली स्थापन झालेली येथील कृषी उत्पन्न बाजार समिती कांद्यासाठी देशभर ओळखली जाते. परंतु येथील भाव नेहमी येथेच ठरतो असे नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली, ती ४ मे २०२४ रोजी उठली आणि उरलेले शुल्क १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले. दिल्लीतील अशा प्रत्येक निर्णयाचे पडसाद आपल्या लिलावात उमटतात. त्यात कांदा हा नाशवंत माल. चाळीत असो वा खळ्यावर, तो रोज वजनाने घटतो. व्यापाऱ्याच्या कपाळावरची आठी सायंकाळी घरी येते आणि तत्पूर्वी मुनीम, मापाडी, हमाल यांच्या वाट्याला येऊन गेलेली असते.

बँकेतील माझ्या सेवेचा मोठा काळ अशाच व्यापारी खात्यांच्या सहवासात गेला. कॅश क्रेडिटची मर्यादा मंजूर करण्यापूर्वी माल पाहण्यासाठी पेढीवर व खळ्यावर जावे लागे. तेथे ताळेबंदात न दिसणारी एक गोष्ट दिसे. तोटा दोन पेढ्यांना सारखाच व्हायचा. पण एका पेढीवर माणसे वीस-वीस वर्षे टिकत, तर दुसरीवर दर दिवाळीनंतर नवा मुनीम दिसे. पगारात फारसा फरक नसे. फरक बोलण्यात असे.

एका ज्येष्ठ व्यापाऱ्यांची आठवण येथे सांगावीशी वाटते. ते आज हयात नाहीत. त्यांच्या खळ्यावर कांदा निवडणाऱ्या एका मावशींनी भरलेल्या गोण्यांच्या थप्पीतून येणारा वास ओळखला आणि ट्रक निघण्यापूर्वी त्या गोण्या उघडायला लावल्या. आतला माल सडू लागला होता. तो तसाच दूरच्या बाजारपेठेत गेला असता, तर पेढीच्या नावाला बट्टा लागला असता. दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या वेळी शेठजींनी संपूर्ण कुटुंबासमोर मावशींचे नाव घेऊन ही हकिगत सांगितली. मावशींना साडी व बक्षीस मिळालेच; परंतु आपले काम कोणीतरी नेमके पाहिले, याचे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर अधिक होते. शेठजी स्वतःही मंदीच्या दिवसांत इतरांपेक्षा शांत असत. ते म्हणत, “भाव आपल्या हातात नाही, माणसे आहेत.”

माझ्या स्वतःच्या नोकरीत याचा कस लागला तो ८ नोव्हेंबर २०१६ नंतर. नोटाबंदीच्या त्या आठवड्यांत शाखेबाहेर पहाटेपासून रांगा असत. बाजारातील रोखीचे व्यवहार थांबून शेतकरी धनादेश घेऊन येऊ लागले होते. वरून दररोज नवे परिपत्रक येई, कौतुकाचा शब्द मात्र येत नसे. झोप उडाली होती. त्या दिवसांत मी खिशातील डायरीत रोज रात्री एकच ओळ लिहू लागलो : आज माझे काम कोणामुळे निभावले? कधी रांगेतल्या वृद्धांना पाणी देणारा शिपाई, कधी जेवणाची सुट्टी न घेता नोटा मोजणारी रोखपाल भगिनी, कधी ओरडणाऱ्या ग्राहकाला बाजूला घेऊन समजावणारा दुसराच ग्राहक. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या व्यक्तीला मी ते सांगत असे. काम कमी झाले नाही; पण झोप परत आली आणि शाखेतील कुरबुरी कमी झाल्या.

पुढे वाचनात आले की, या अनुभवाचा अभ्यासही झालेला आहे. रॉबर्ट एमन्स व मायकेल मॅकक्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, कृतज्ञता वाटावी अशा गोष्टी लिहायला सांगितले; काहींना त्रासदायक गोष्टी लिहायला सांगितले. पहिल्या गटातील लोक आयुष्याबद्दल अधिक समाधानी व आशावादी आढळले. अ‍ॅडम ग्रँट व फ्रान्चेस्का जीनो यांनी २०१० साली एका विद्यापीठासाठी दूरध्वनीवरून देणग्या गोळा करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास मांडला. त्यांच्या प्रमुख अधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष येऊन आभार मानल्यावर पुढील आठवड्यात त्या कर्मचाऱ्यांनी केलेल्या दूरध्वनींची संख्या निम्म्याहून अधिक वाढली.

आपल्याला हे परके वाटू नये. मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य या चार भावना आपण लहानपणापासून ऐकतो. दुसऱ्याचे गुण पाहून मनापासून आनंद मानणे, ही प्रमोदभावना. व्याख्यानात ती ऐकायची आणि पेढीवर मात्र केवळ चुका मोजायच्या, हे विसंगत आहे. मनाची वही नावेची बाजू आपोआप लिहिते; जमेची बाजू आपल्याला हाताने लिहावी लागते.

मात्र येथे तीन गोष्टींचे भान हवे. पहिली, कृतज्ञता हा मजुरीला पर्याय नव्हे. हमाली थकवून गोड बोलणे ही कृतज्ञता नसून फसवणूक आहे. आधी हिशेब चुकता, मग आभार. दुसरी, कृतज्ञता वरून खाली वाहावी. “नोकरी दिली आहे, उपकार मान,” असे नोकराला सुनावणे हा धाक झाला. त्याने कोणाचेच मन निरोगी राहत नाही. तिसरी, दीर्घकाळ झोप न लागणे, कशातच रस न वाटणे, जीव नकोसा होणे, ही आजाराची लक्षणे असू शकतात. तेथे डायरी पुरत नाही, डॉक्टर हवा. शासनाची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. व्यापारी घरांत प्रतिष्ठेपोटी हे दुःख लपवले जाते, म्हणून मुद्दाम लिहिले.

संवत्सरीला आपण वर्षभरातील अपराधांची क्षमा मागतो. त्यात आपले नोकर-चाकरही असतात. त्या जोडीला एक छोटी गोष्ट करता येईल. येत्या दिवाळीत वहीपूजनाच्या दिवशी पहिल्या पानावर गौतमस्वामींचे नाव लिहून झाले की, सरत्या वर्षात पेढी ज्यांच्यामुळे सावरली अशा पाच माणसांची नावे आणि त्यांनी नेमके काय केले, ते मागच्या पानावर लिहावे. नंतर मुलांना सोबत घेऊन त्या पाचही जणांना ते वाचून दाखवावे. उद्या पेढीवर बसणाऱ्या मुलांना भाव काढण्याइतकीच माणसांची पारखही शिकवायची आहे.