बाहेर आलेली खिडकी

आमच्या कोल्हापुरातील घराच्या पश्चिमेच्या भिंतीला दोन फूट बाहेर काढलेली एक खिडकी आहे. नकाशे करणारे तिला ‘बे विंडो’ म्हणतात. आमच्या घरात ती आईची खिडकी.

खुब्याचे हाड मोडल्यापासून आईचे जिना उतरणे बंद झाले. जिचे सारे आयुष्य पेठेतली वर्दळ पाहण्यात गेले, तिला माडीवरच्या जुन्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत तेवढी दिसे. रस्ता पाहावयाचा तर डोके बाहेर काढावे लागे. तेव्हा मला जेसलमेरची पटव्यांची हवेली आठवली. तीर्थयात्रेच्या निमित्ताने आम्ही तेथे गेलो होतो. व्यापारी घराण्याने एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या त्या हवेलीचे झरोके पाहून आई म्हणाली होती, “इथे बसणाऱ्या बाईला दुकानही दिसत असेल आणि दुकानदारही.”

तिला असाच झरोका करून द्यावा, असे मी ठरविले. इंजिनिअरने भिंतीबाहेर जाणाऱ्या वजनाचा विचार करून तळाचा स्लॅब घरातल्या तुळईशी बांधून घेतला. तिन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचा, वर छोटा स्लॅब, आत बसण्यापुरता कट्टा आणि त्यावर गादी, असे काम उन्हाळ्यात पुरे झाले. घाई मीच केली. एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानी आली नाही. जेसलमेरला वर्षाकाठी जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस. आमच्याकडे त्याच्या कितीतरी पट, आणि तोही नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर तिरपा येऊन थेट पश्चिमेच्या भिंतीवर आदळणारा. आकार आम्ही मरुभूमीतून आणला होता.

जूनमध्ये मी दोनतीनदा विचारले, “आई, खिडकी गळते का?” प्रत्येक वेळी उत्तर एकच : “नाही रे, कोरडी आहे.”

जुलैच्या एका सकाळी तिचा चष्मा शोधताना मी कट्ट्यावरची गादी उचलली. खाली जुन्या लुगड्यांच्या घड्या होत्या, चिंब भिजलेल्या. कामाच्या बाईकडून ती रोज त्या बदलून घेत होती, आतल्या खोलीत वाळत घालीत होती आणि मी वर येण्याच्या आत सारे जागच्या जागी ठेवीत होती. मी रागावलो. ती खाली मान घालून म्हणाली, “तक्रारीचा माल तू परत करतोस. हीही काढून टाकशील, असं वाटलं.”

त्यावर मला काही बोलता आले नाही.

वडिलांच्या वेळचे एक वृद्ध गवंडी अजून काम करतात. उघडीप पाहून ते आले. त्यांनी प्रथम हातोडी न मागता पाण्याची नळी मागितली. आधी खिडकीच्या तळपट्टीवर, मग बाजूच्या सांध्यांवर, शेवटी वरच्या स्लॅबवर, असे खालून वर चढत त्यांनी प्रत्येक जागी दहा-दहा मिनिटे पाणी सोडले आणि मला आत बॅटरी घेऊन बसविले. वरून आरंभ केला तर ओघळ सगळीकडे पसरतो आणि चोर सापडत नाही, असे ते म्हणाले. हिशेबातील चूक शोधताना आम्हीही कीर्दीचे एकेक पान असेच तपासतो.

पहिला चोर खालीच सापडला, आणि तो माझाच होता. सरकत्या काचांच्या रुळाला बाहेरच्या अंगास बारीक भोके असतात. मला ती फटी वाटली, म्हणून मी कारागिराकडून सिलिकॉनने बुजवून घेतली होती. “शेठ, ही भोकं म्हणजे गळती नव्हे, गटारं आहेत,” गवंडी म्हणाले. रुळात साचलेले पाणी बाहेर जाऊ न शकल्याने आत उलटत होते. वरच्या स्लॅबचा उतार भिंतीकडे होता आणि त्या सांध्यावर निव्वळ गिलावा. काँक्रीट, वीट आणि ॲल्युमिनियम उन्हात सारखे फुगत नाहीत. त्यामुळे तेथे केसाएवढी चीर पडली होती. वाऱ्याच्या दाबाने पाण्याला तेवढी पुरे होते.

उतार बाहेरच्या बाजूस करून घेतला. स्लॅबच्या वर भिंतीत इंचभर खोल खाच कापून जस्ताच्या पत्र्याची वरची कड तिच्यात बसविली व खालची कड स्लॅबवर वळविली. स्लॅबच्या पुढच्या कडेखाली एक चर काढली, म्हणजे ओघळ खालून आत न येता तिथेच तुटून पडतो. चौकटीभोवतीचे जुने सिलिकॉन खरवडून, जागा पुरती वाळू देऊन, फटीत फोमची दोरी दाबून नवे भरले. ओल्या वा धुळीच्या जागी ते धरत नाही. पहिल्या वेळी ती धूळ पुसण्याचे कष्ट कोणी घेतले नव्हते. या दुरुस्तीला मूळ खिडकीच्या निम्म्याहून अधिक खर्च आला. कामाच्या आरंभी हेच सारे बरेच स्वस्तात झाले असते.

पुढच्या पावसाळ्यात पहिली जोराची सर आली तेव्हा मी खाली गल्ल्यावर होतो. काम टाकून वर धावलो. आई काचेला कपाळ टेकून बसली होती. मी गादीखाली हात घातला. कोरडी.

“गादी काय चाचपतोस?” ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, “खाली गाडी उभी आहे बघ. मागच्या बाजूला ताडपत्री नीट ओढलेली नाही. गुळाचे रवे भिजतील. हमालाला सांग, जा.”